दुकानातल्या सहा बरण्या आणि त्यांतल्या गोळ्या

बंदरपाखाडी

आमचं गाव मालवण तालुक्यात, आचऱ्यापासून फार लांब नाही. पडवीची एक बाजू फळ्यांनी बंद करून बाबांनी दुकान थाटलं होतं. बाबा गेल्या वर्षी गेले. यंदा कौलं परतायची म्हणून मे महिन्यात सगळं सामान खळ्यात काढलं, तेव्हा माळ्यावर काचेच्या सहा बरण्या सापडल्या. आट्यांची पत्र्याची झाकणं गंजून घट्ट बसली होती. एका बरणीच्या तळाशी नारिंगी थर चिकटून दगड झाला होता. धुवायला म्हणून तिच्यात गरम पाणी ओतलं आणि संत्र्याच्या गोळीचा वास आला. मी तिथेच खळ्यात बसले. आई आतून "काय झाला गो?" म्हणून विचारत होती आणि मला पटकन उत्तर देता येईना.

कुठल्या बरणीत काय असायचं ते मला अजून पाठ आहे. पहिलीत संत्र्याच्या फोडीच्या आकाराच्या गोळ्या, वरून साखर लावलेल्या. दुसरीत लिमलेटच्या, तिसरीत श्रीखंडाच्या. चौथीत रावळगाव. पाचवीत कागदात गुंडाळलेली सगळी 'चॉकलेटं', म्हणजे किसमी, कॉफीची, दुधाची, जे मिळेल ते. सहावीला बाबा 'खेळाची बरणी' म्हणायचे. तिच्यात खाण्यापेक्षा खेळण्याच्या गोळ्या: लाल टोकाची सिगारेट, फुंकली की वाजणारी शिट्टी, बोटात घालायची अंगठी, रबरात ओवलेलं गोळ्यांचं घड्याळ, जीभ निळी करणारी गोळी, प्लॅस्टिकच्या इवल्याशा दुधाच्या बाटलीत भरलेल्या बडीशेपेच्या रंगीत गोळ्या.

चवीला सहावीतला माल सगळ्यांत साधा, नुसती साखर आणि रंग. तरी शाळा सुटली की आधी तीच बरणी रिकामी व्हायची. बाबा मालवणच्या बाजारातून माल आणायचे तेव्हा त्या बरणीसाठी निवडायला सगळ्यांत जास्त वेळ घ्यायचे. पोरांना काय आवडेल याचा ते खरोखर विचार करायचे.

कार्तिकात गावची जत्रा आहे. तोवर या सहा बरण्या पुन्हा भरायच्या असं मी आणि भावाने ठरवलंय. तुमच्याकडे कुठल्या गोळ्या होत्या, त्या कशा दिसायच्या, त्यांच्याशी तुम्ही काय खेळायचात ते सविस्तर लिहा. आज काय मिळतं आणि कुठे, तेही सांगा.

घावणेचटणी

संत्र्याची फोड! ती गालात धरायची, चावायची नाही. वरची साखर गेली की आत गुळगुळीत काच लागायची, मग कडा इतक्या धारदार व्हायच्या की जिभेला चिरा पडायच्या. आम्ही बहिणी कुणाची फोड जास्त वेळ टिकते याची पैज लावायचो. मधेच तोंडातून काढून उन्हात धरून बघायची. पलीकडचं माडाचं झाड नारिंगी दिसायचं.

अबोली_वेणी

श्रीखंडाची गोळी आठवणारं कुणीतरी आहे हे वाचून बरं वाटलं. पिवळसर, खडूसारखी, जिभेवर ठेवली की आंबट-गोड पीठ होऊन विरघळणारी. मुंबईच्या मैत्रिणींना सांगितलं की त्या म्हणतात, श्रीखंडाची कसली गोळी? शाळेत आम्ही तिच्याने पाटीवर लिहायचो. खरंच उमटायचं. बाईंनी एकदा ओळखलं आणि हसून माझ्याकडची एक मागून घेतली.

माझ्या वेळी 10 पैशांना दोन. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 नंतर चलनातून गेलीच, पण त्याआधी किती वर्षं ती कुणी घेतच नव्हतं. सुट्टे नाहीत म्हणून दुकानदार हातावर गोळी ठेवायला लागला आणि गोळीची किंमतच गेली, असं मला वाटतं. मागून, निवडून, नाणं मोजून घेतलेली गोळी आणि सुट्ट्यांऐवजी आलेली गोळी यांत फार फरक आहे.

तांडेल

मी जहाजावर इंजिनरूममध्ये 31 वर्षं काढली, आता रत्नागिरीजवळ घरी असतो. बंदरपाखाडीताई, तुमच्या बरणीतला तो दगड कसा झाला ते सांगतो, कारण पुन्हा बरण्या भरायच्या तर तुमचा पहिला झगडा त्याच्याशीच आहे.

कडक गोळी म्हणजे साखरेची काच. साखर आणि पाणी 150 अंशांच्या आसपास उकळलं की पाणी जवळपास सगळं निघून जातं. मग ते पटकन थंड केलं तर साखरेला पुन्हा दाणे धरायला वेळ मिळत नाही आणि ती पारदर्शक राहते. दाणे धरू नयेत म्हणून त्यात ग्लुकोजचा पाक किंवा थोडं लिंबाचं आम्ल घालतात. आम्लाने साखरेचा काही भाग फुटून त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, आणि वेगवेगळ्या जातीची साखर मिसळली की दाणा जमत नाही. गंमत अशी की हेच फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणजे ज्या लिंबाने गोळी काचेसारखी होते त्याच लिंबाने ती पावसात चिकटते. कोकणातल्या जून-जुलैच्या दमट हवेत उघडी गोळी टिकणं शक्यच नाही. बाहेरचा थर आधी चिकट होतो, मग त्यालाच दाणे धरतात, मग गोळी गोळीला चिकटते.

संत्र्याच्या फोडीला वरून साखर लावतात ती यासाठीच. कोरडे दाणे मधे असले की दोन फोडी एकमेकींना धरत नाहीत. नुसती शोभा नाही ती.

आणि तो वास इतक्या वर्षांनी आला कसा? संत्र्याचा वास मुख्यतः सालीतल्या तेलाचा. त्या काचेत तो अडकून राहतो, काच विरघळली की सुटतो.

बंदरपाखाडी

तांडेलकाका, तुम्ही लिहिलंत आणि एक गोष्ट उलगडली. बाबा झाकणाखाली जाड प्लॅस्टिकचा कागद घालून झाकणाच्या कडेवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चढवायचे. मिरगाचा पाऊस लागला की संत्र्याच्या आणि लिमलेटच्या बरण्या चुलीच्या वरच्या फळीवर जायच्या. दुकानात दोन-अडीच महिने फक्त कागदातला माल. आम्हाला वाटायचं पावसात गोळ्या येतच नाहीत, जसे आंबे येत नाहीत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन आलं की बरण्या खाली यायच्या. आमच्यासाठी गोळ्यांचा हंगाम तेव्हा सुरू व्हायचा.

खळ्यातलो

जत्रेची गोष्ट काढल्यात म्हणान लिवतंय. आमच्या गावात जत्रेक जाऊचा म्हणजे खाजा हाडूचाच. आजो माका खांद्यार बसवन न्हेय. दशावतार सुरू होऊक रात होय, तवसर झोप येय. मगे आजो कागदाच्या पुड्यातलो खाजो काढून हातार ठेवी. आल्याचो झणको तोंडात भरलो की झोप खय पळा ता कळा नाय. सकाळी सूर्य वर येयसर राजा-राक्षसाची लढाई बघलेली आसा.

आता सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो. मालवणी खाजा म्हणजे बेसनाच्या जाड शेवेच्या बोटभर कांड्या तळून त्यांवर गुळाच्या पाकाचा लेप, पाकात आलं. साखरेचा पांढरा खाजाही असतो, पण खरा गुळाचा. शेजारी खडखडे लाडू, शेंगदाण्याचे लाडू. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा घ्या, देवगडला महाशिवरात्रीची कुणकेश्वराची घ्या, खाज्याचे ढीग नसलेली जत्रा मी पाहिली नाही. आंगणेवाडीची तर तारीखही पंचांगात नसते, देवीचा कौल झाला की ठरते. मग मुंबईचे चाकरमानी रजा टाकतात.

आणि खेळाचा खाऊ म्हणाल तर जत्रेतला तो घड्याळवाला. उंच बांबू, बांबूच्या टोकाला बाहुली, दोरी ओढली की ती टाळ्या वाजवणार. बाहुलीखाली बांबूला गुंडाळलेला गुलाबी-पांढऱ्या पट्ट्यांचा चिकट गोळा. चार आणे दिले की तो त्यातून दोरा ओढायचा आणि डोळ्यांसमोर घड्याळ, मोर, विंचू, विमान करून द्यायचा. घड्याळ थेट मनगटाला चिकटवायचा आणि वर बाळाच्या गालाला थोडी मिठाई फुकट लावायचा. मी घड्याळच घ्यायचो. आजो विचारी, "किती वाजले रे?" मी सांगायचो. मग मनगट चाटत घरी. तुमच्या बाबांच्या सहाव्या बरणीचा हा मूळपुरुष आहे असं माझं ठाम मत आहे.

तांडेल

खळ्यातलो, अगदी बरोबर बोललात. त्या घड्याळवाल्याच्या हातातलं कसब मी इंग्लंडच्या किनाऱ्यावर पुन्हा पाहिलं. ब्लॅकपूलला 'रॉक' म्हणून साखरेची कांडी मिळते, तिच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत गावाचं नाव असतं. कुठेही मोडा, अक्षरं दिसतात. मी कारागिराला करताना पाहिलंय. आधी माणसाच्या मांडीएवढा जाड ओंडका रचतात, रंगीत साखरेच्या पट्ट्यांनी त्यात अक्षरं मांडतात, आणि मग गरम असतानाच तो ओढत ओढत बोटाएवढा करतात. अक्षरंही सोबत बारीक होत जातात. आतला पांढरा भाग पांढरा का? तर साखर आकड्यावर टाकून पुन्हा पुन्हा ओढतात तेव्हा तिच्यात हवेचे बारीक बुडबुडे शिरतात आणि काच दुधी होते. आपल्या बाहुलीवाल्याचा पांढरा पट्टा तसाच होतो. समुद्राकाठच्या सहलीची आठवण म्हणून तिकडे लोक ती कांडी घरी नेतात, जसा आपण खाजा नेतो.

बोटीवर कुणी ना कुणी असल्या गोळ्या आणायचाच. ऑस्ट्रियातलं 'पेझ' 1927 साली निघालं ते चक्क मोठ्या माणसांसाठी, सिगारेट सोडावी म्हणून पेपरमिंटची वडी. पुढे 1949 साली तिची डबी लायटरसारखी केली, आणि अमेरिकेत गेल्यावर तिला कार्टूनची डोकी बसवली तेव्हा पोरांनी ती उचलली. तोंडात तडतडणाऱ्या गोळीची गोष्टही अशीच. जनरल फूड्समधल्या विल्यम मिचेल या रसायनतज्ज्ञाने 1956 साली झटपट सोडा बनवायचा प्रयत्न केला. वितळलेल्या साखरेत हवेच्या चाळीसएक पट दाबाने कार्बन डायऑक्साइड कोंडला. सोडा जमला नाही, पण ती साखर जिभेवर ठेवली तर तडतडली. गोळी बाजारात यायला सत्तरचं दशक उजाडलं.

आणि म्हातारीचे केस. 1897 साली अमेरिकेत नॅशव्हिलमध्ये एका मिठाईवाल्याने आणि एका दातांच्या डॉक्टरने मिळून ते यंत्र केलं. 1904 च्या सेंट लुईस जत्रेत, म्हणजे जागतिक प्रदर्शनात, 68,655 खोकी विकली, एकेक 25 सेंटला. म्हणजे तिथेही जत्राच. असला खाऊ घरात जन्माला येत नाही, गर्दीत येतो.

घाटवळण

बाबा एसटीत चालक होते, कणकवली डेपो. माझी गोळी म्हणजे फोंडाघाटाची गोळी. कोल्हापूरला जाताना गाडी लागू नये म्हणून आई रुमालात आलेपाकाची वडी आणि लिमलेटच्या चार गोळ्या बांधून घ्यायची. पहिल्या वळणाला आलेपाक. अर्ध्या घाटात लिमलेट. वर दाजीपूरच्या थंड हवेत खिडकी उघडायची परवानगी मिळायची, तेव्हा दुसरी लिमलेट. उरलेल्या दोन परतीसाठी, कारण उतरताना जास्त लागते.

स्टँडवर आलेपाकवाल्याची आरोळी ठरलेली असायची आणि गाडी हलायला लागली तरी तो खिडकीबरोबर धावत सुट्टे परत करायचा. एकदाही कुणाचे पैसे बुडालेले मी पाहिले नाहीत. आजही घाट लागला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. मुलीला आता गोळी देतात ती मेडिकलमधली. तिला घाटाची चव नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

हर्णैची लेक

आमच्याकडच्या गोळ्या दुकानातून नाही, कुवेतहून यायच्या. हर्णै-दापोलीकडे निम्म्या घरांतले पुरुष आखातात किंवा बोटीवर. अब्बा दोन वर्षांनी यायचे तेव्हा बॅगेत तळाला क्वालिटी स्ट्रीटचा डबा. प्रत्येक चॉकलेटचा कागद वेगळ्या रंगाचा, आरपार दिसणारा. चॉकलेट दादी वाटून द्यायची, रोज एक, मोहल्ल्यातल्या सगळ्या पोरांना. कागद मात्र आम्ही भावंडं वाटून घ्यायचो. डोळ्याला लावला की बंदर जांभळं, होड्या जांभळ्या, वाळत घातलेली बोंबलं पण जांभळी. घावणेचटणीताईंची नारिंगी फोड वाचली आणि वाटलं, किनाऱ्यावरच्या सगळ्या मुली हेच करत होत्या.

तो डबा अजून आहे. 1936 पासून निघतो म्हणे तो ब्रँड, आमच्या डब्याचं झाकण साधारण तीस वर्षांचं असेल. जांभळे कागद कुराणशरीफच्या कपाटाखालच्या खणात एका वहीत दाबून ठेवलेत.

रायवळ

देवगडला आमची हापूसची 140 कलमं आहेत आणि माझा मुलगा दुकानातून मँगो बाइट घेऊन येतो. लहानपणी मीही हेच केलंय. वडील रागवायचे, घरात आढ्या भरल्यात आणि तू पैसे देऊन आंबा घेतोस?

पण तो आंबा नव्हताच, हे त्यांना कसं सांगणार. हापूसच्या वासात टर्पीन, लॅक्टोन, फ्युरॅनोन अशी कितीतरी द्रव्यं मिसळलेली असतात, आणि आढीतल्या रोजच्या दिवसाला त्यांचं प्रमाण बदलतं. गोळीत त्यातलं थोडंसं, एका ठरलेल्या सुरात. आमच्यासाठी आंबा म्हणजे काम होतं: पेट्या, पेंढा, पहाटे उठणं, डाग पडलेला बाजूला काढणं. गोळीतल्या आंब्याचं काहीच काम नव्हतं. म्हणून ती आवडायची.

आमच्या आईची आंबापोळी मात्र खेळाच्या बरणीत शोभली असती. उन्हात ताटं वाळत घातली की आम्ही कडेचा पापुद्रा सोलून त्याची गुंडाळी करायचो, कानातली करायचो, पोटाला चिकटवायचो. बंदरपाखाडी, तुम्ही सातवी बरणी आणा आणि तीत आंबापोळी, फणसपोळी, मीठ लावलेली आमसुलं ठेवा. माझ्याकडची पाठवतो.

पाणंद

मी प्राथमिक शाळेत शिकवते. सगळ्यांच्या आठवणी फार सुंदर आहेत, पण एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. सहाव्या बरणीत सिगारेट ठेवू नका.

मी स्वतः ती ओढलीय. फँटमची. थंडीच्या सकाळी तोंडातून वाफ निघायची तेव्हा तर आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे राहायचो. पण माझ्या वर्गात आज दहा वर्षांची मुलं गुटख्याच्या पुडीची नावं पाठ सांगतात. तंबाखू नियंत्रणाचा जो जागतिक करार आहे, त्याच्या 16 व्या कलमात तंबाखूच्या वस्तूंच्या आकारातली मिठाई आणि खेळणी बंद करण्याचं स्पष्ट लिहिलंय, आणि भारताने तो 2004 साली मान्य केलाय. बोटांत धरायची ढब आधी शिकली जाते, धूर नंतर येतो.

घावणेचटणी

पाणंदताई, मला जरा वेगळं वाटतं. आम्ही ओढायचो ती सिगारेट नव्हती, आम्ही वेताळ व्हायचो. ली फॉकने 1936 साली काढलेला फँटम इंद्रजाल कॉमिक्समधून 1964 पासून घरोघरी पोहोचला आणि मराठीत त्याचा वेताळ झाला. आमच्या कोकणात तर वेताळ हा गावचा देव, वेताळाची देवळं आहेत. कॉमिकमधला तो मुखवट्याचा आणि देवळातला तो, दोघेही रात्री गावाची राखण करतात असं मी आणि माझा भाऊ धरून चालायचो. खोक्यावर त्याचं चित्र म्हणून ते खोकं मी उशाखाली ठेवायचे. घरात कुणी सिगारेट ओढली नाही, माझ्या भावानेही नाही.

पाणंद

तुमच्या भावाचं ऐकून आनंद झाला. वेताळाचं वाचून अंगावर काटा आला, खरंच. पण माझ्या वर्गातल्या एकाच्या घरी आजोबा, वडील, काका तिघेही तंबाखू खातात. त्याच्यासाठी खेळ आणि सराव यांत भिंत नाही. मी त्याच्याकडे बघून बोलतेय.

बंदरपाखाडी

दोघींचं वाचून दोन दिवस विचार केला. सिगारेट ठेवणार नाही. तीच पेपरमिंटची पांढरी कांडी लाल टोकाशिवाय मिळाली तर ठेवीन, पोरं तिचं काय करायचं ते करतील.

अजून एक विचारायचंय. जुन्या गोळ्या आणून ठेवल्या आणि पूर्वीसारख्या लागल्या नाहीत तर?

अबोली_वेणी

नाही लागणार, आणि तो गोळीचा दोष नाही. लहान मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त गोड आवडतं, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. आपली जीभ बदलली. वास मात्र राहतो. वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी बहुतेक वयाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या निघतात, शब्दांनी जाग्या होणाऱ्या त्यानंतरच्या. तुम्ही खळ्यात बसलात ते उगाच नाही.

आणि लोकांना खरंच हव्या असतात हो. रोला कोला आठवते? पार्लेची, कोलाच्या चवीची, नळीत एकावर एक रचलेली. 2006 साली बंद झाली. 2019 साली एका चाहत्याने ट्विटरवर विचारलं, परत आणायला काय करावं लागेल? कंपनी म्हणाली 10,000 रीट्वीट. झाले. आणि गोळी परत आली. पार्ले 1929 साली सुरू झाली तीच मुळी गोळ्यांनी, बिस्किटं नंतरची.

घाटवळण

रावळगावचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे 'रावळगाव दे' म्हणजे गोळी दे. रावळगाव हे मालेगावजवळचं गाव, हे मला कॉलेजात कळलं. वालचंद हिराचंदांनी 1933 साली तिथे साखर कारखाना काढला, गोळ्या त्यानंतर. तेच वालचंद, ज्यांनी 1919 साली सिंदिया कंपनी काढून इंग्रजांच्या नाकावर टिच्चून भारतीय जहाज लंडनला पाठवलं. बाबांना हे सांगितलं तर त्यांना फार अभिमान वाटला, जणू गोळी चघळताना आपणही त्या जहाजावर होतो. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक या त्यांच्याच. 2024 साली रिलायन्सने हे सगळे ब्रँड 27 कोटींना घेतले. बाबांनी बातमी वाचली आणि बाजारात जाऊन पान पसंदचं अख्खं पाकीट आणलं.

तांडेल

माल घेताना रंगाकडे लक्ष ठेवा एवढंच सांगतो. आपल्याकडे खाण्याच्या कृत्रिम रंगांपैकी मोजके आठच चालतात, आणि प्रमाणाची मर्यादा आहे. 2024 च्या फेब्रुवारीत तमिळनाडूने म्हातारीचे केस बंद केले, कारण त्यांत ऱ्होडामाइन-बी सापडलं. तो कपडे रंगवायचा रंग आहे. जत्रेत भडक गुलाबी दिसलं की विचारा. पाकिटावर परवाना क्रमांक नसेल तो माल त्या बरण्यांत जाऊ नये, तुमच्या बाबांच्या नावाचं दुकान आहे.

बंदरपाखाडी

जत्रा झाली. उशीर झाला लिहायला.

आम्ही देवळाच्या वाटेवर टेबल मांडलं. संत्र्याच्या फोडी कोल्हापूरहून आल्या, पूर्वीपेक्षा लहान आहेत पण साखर लावलेल्या आहेत. लिमलेट मिळाली. श्रीखंडाच्या गोळ्या सावंतवाडीत मिळाल्या, भाऊ लाकडी खेळण्यांसाठी चितार आळीत गेला होता तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने दाखवल्या. चौथीत पान पसंद, पाचवीत किसमी. सातवीत रायवळांची आंबापोळी, ती पहिल्या तासात संपली.

सहाव्या बरणीत शिट्ट्या, अंगठ्या, रबरातली घड्याळं, बडीशेपेच्या बाटल्या आणि लाल टोक नसलेल्या पांढऱ्या कांड्या. मी लपून बघत होते. पहिल्या मुलाने कांडी घेतली, थोडा वेळ बघितली आणि मित्राच्या पाटीवर तिने लिहायचा प्रयत्न केला. उमटलं नाही. मग त्याला मी श्रीखंडाची गोळी दिली.

शिट्ट्यांनी मात्र दशावतारात व्यत्यय आला. गणपतीच्या प्रवेशाला सगळी पोरं एकदम वाजवायला लागली आणि पेटीवाले बुवा थांबून बघायला लागले. मग त्यांनीच तालावर मान हलवून पोरांना ताल धरायला लावला. पुढच्या वर्षी शिट्ट्या नाटक संपल्यावर विकायच्या असं आईने ठरवलंय.

एक म्हातारे गृहस्थ मुंबईहून आले होते. त्यांनी घड्याळ घेतलं, मनगटात घातलं आणि पैसे द्यायला खिशात हात घालताना आईला विचारलं, "वयनी, किती वाजले?" आईने घड्याळाकडे बघून सांगितलं, "पावणेचार." खरे वाजले होते साडेदहा.

बरण्या आता पुन्हा फळीवर आहेत, झाकणाखाली कागद, वर ट्यूबची पट्टी. खाजा पाच किलो उरलाय, गुळाचा, आमच्या वाडीतल्या बायकांनी केलेला. शनिवारी भाऊ तुतारी एक्स्प्रेसने दादरला जातोय. कुणाला हवा असेल तर शुक्रवारी दुपारपर्यंत व्यक्तिगत निरोप करा. हर्णैची लेक, तुमच्यासाठी संत्र्याच्या दोन फोडी वेगळ्या ठेवल्यात, डोळ्याला लावून बघायला.